जुन्या गाडीचे विद्युतीकरण : हौस आणि हिशेब

पुण्याहून बंगळूरच्या दिशेने निघालेली वाहने साधारण पन्नास किलोमीटरवर नीरा नदी ओलांडून शिरवळला पोहोचतात. सुभानमंगळच्या भुईकोटामुळे इतिहासाला ठाऊक असलेले हे गाव गेल्या काही दशकांत औद्योगिक वसाहतीचे गाव झाले आहे. नोकरी शिरवळला आणि बिऱ्हाड पुण्याला, किंवा घर शिरवळला आणि शिक्षण वा कचेरी पुण्याला, अशी विभागणी आज अनेक कुटुंबांच्या वाट्याला आली आहे. जाऊन येऊन शंभर किलोमीटरचा हा रोजचा प्रवास मासिक मिळकतीचा किती भाग खातो, हे त्या कुटुंबांना सांगावे लागत नाही. इंधनाचे दर वाढले की त्याची झळ सर्वांत आधी पोहोचते ती अशाच रस्त्याकडेच्या गावांना.

या पार्श्वभूमीवर गेल्या काही वर्षांत एक कल्पना चर्चेत आली आहे. वडिलांच्या वा आजोबांच्या काळातली फियाट, प्रीमियर पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसॅडर अनेक घरांच्या अंगणात पत्र्याखाली उभी असते. तिचे पेट्रोलचे इंजिन उतरवून त्या जागी विद्युत मोटार व बॅटरी बसवावी आणि तीच गाडी रोजच्या ये-जा करण्यासाठी वापरावी, अशी ही कल्पना आहे. तीत आठवणींचा ओलावा आहे, काटकसर आहे आणि पर्यावरणाची काळजीही आहे. एकाच कल्पनेत इतके गुण एकवटलेले दिसले, की अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने थोडे सावध व्हावे हे बरे. ही कल्पना ज्याला रोज प्रवास करावा लागतो त्याच्या उपयोगाची आहे, की ज्याला रविवारी फिरायला जायचे आहे त्याच्या, हा यातला मूळ प्रश्न आहे.

प्रत्यारोपण नवे नाही

गाडीचे शरीर तेच ठेवून तिचा प्राण बदलण्याचा प्रयोग आपल्याकडे प्रथमच होत आहे असे नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग आले, तेव्हा देशात अनेक बसगाड्या व मालमोटारी कोळशापासून तयार केलेल्या वायूवर चालत होत्या. गाडीच्या मागे भट्टी जोडलेली ती वाहने जुन्या पिढीने पाहिली होती. युद्ध संपले, पेट्रोल मिळू लागले आणि भट्ट्या निघाल्या. टंचाईने घडवलेला बदल टंचाईबरोबरच गेला.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली पद्मिनी पुढे मुंबईच्या टॅक्सीचे प्रतीक बनली. शहरातील धुराविरुद्ध नागरिक उच्च न्यायालयात गेले, आणि 2000 नंतरच्या काही वर्षांत हजारो पद्मिनी टॅक्सी सीएनजीवर आणल्या गेल्या. इंजिन तेच राहिले, परंतु इंधन, टाकी, नळ्या आणि नियंत्रणे बदलली. या बदलानंतर त्या गाड्या वर्षानुवर्षे धावल्या. वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण झाल्याने 30 ऑक्टोबर 2023 पासून शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली.

हा बदल यशस्वी का झाला, याचे उत्तर केवळ न्यायालयाच्या आदेशात शोधणे अपुरे ठरेल. हजारो गाड्या एकाच बनावटीच्या होत्या. एका गाडीला बसणारे किट दुसरीला जसेच्या तसे बसत होते. एका मिस्त्रीने दहा गाड्या केल्या की अकरावी निम्म्या वेळात होत होती. शिवाय टॅक्सी दिवसभर धावत असल्यामुळे इंधनातील बचत लवकर हाती येत होती. एकसारखी वाहने आणि भरपूर धाव, या दोन गोष्टी असतील तर प्रत्यारोपण परवडते, हा त्या अनुभवाचा निष्कर्ष आहे.

सातारा जिल्ह्यातही या विषयाची परंपरा आहे. 1968 मध्ये स्थापन झालेल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात सायकल रिक्षावर काम केले. तिचा सांगाडा सुधारला, तिला मोटारीचे साहाय्य दिले आणि पुढे पूर्णपणे विजेवर चालणारी रिक्षाही तयार केली. देशात ई-रिक्षा सर्वत्र दिसू लागण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. विजेचे वाहन ही महानगरांची मिरास नाही, तालुक्याच्या गावीही त्याची कल्पना, रचना आणि चाचणी होऊ शकते, एवढे या प्रयोगाने दाखवून दिले.

हिशेबाची वही

आता प्रत्यक्ष आकडेमोड पाहू. यातील गृहीते उघड सांगितलेली आहेत. ज्याला ती पटणार नाहीत त्याने आपले आकडे घालून गणित पुन्हा करावे.

पद्मिनीचे इंजिन 1,089 घनसेंटिमीटरचे. सुस्थितीतील गाडी लिटरला 12 किलोमीटर धावते आणि पेट्रोल लिटरला 105 रुपये आहे असे धरले, तर किलोमीटरमागे पावणेनऊ रुपये खर्च येतो. तीच गाडी विजेवर आणली आणि चार्जिंगमधील गळती धरून ती एका युनिटमध्ये साडेसहा किलोमीटर जाते असे मानले, तर घरगुती विजेच्या 11 रुपये युनिट दराने किलोमीटरला सुमारे एक रुपया सत्तर पैसे लागतात. फरक ढोबळमानाने सात रुपयांचा. शिरवळ-पुणे-शिरवळ असे शंभर किलोमीटर, वर्षाचे अडीचशे कामाचे दिवस, म्हणजे 25,000 किलोमीटर. वार्षिक बचत 1,75,000 रुपये.

आता खर्चाची बाजू. मोटार, नियंत्रक, 25 युनिट क्षमतेची बॅटरी, मजुरी, ब्रेक व सस्पेन्शनची दुरुस्ती आणि परवानग्या मिळून सहा लाख रुपये लागतात असे समजू. ही रक्कम दर साल दर शेकडा नऊ दराने कर्जाऊ घेतली, तर पहिल्या वर्षाचे व्याजच 54,000 होते. तरीही रोज धावणारी गाडी साधारण सव्वाचार वर्षांत स्वतःला फेडते. परंतु हीच गाडी जर हौसेखातर वर्षाला 2,000 किलोमीटरच चालली, तर बचत होते 14,000 रुपयांची. तीतून मुद्दल तर सोडाच, व्याजाचा तिसरा हिस्साही सुटत नाही.

या विषयातील विसंगती इथे उघड होते. ज्याच्याजवळ जपून ठेवलेली जुनी गाडी आहे, तो ती फारशी चालवत नाही. ज्याला रोज शंभर किलोमीटर जावे लागते, त्याच्याजवळ बहुधा जपलेली जुनी गाडी नसते, आणि असली तरी सहा लाख रुपये नसतात. शिवाय सात-आठ लाखांपासून नवी छोटी विद्युत गाडी हमीपत्रासह बाजारात मिळू लागली आहे. अशा वेळी सहा लाख घालून पन्नास वर्षांपूर्वीच्या आराखड्याची गाडी रोजच्या वापरासाठी तयार करणे हा व्यवहार म्हणून टिकत नाही. हाच खर्च चार लाखांवर आला तर मात्र तो पावणेतीन वर्षांत फिटतो आणि चित्र पालटते. जुन्या गाडीचे विद्युतीकरण सहा लाखांत हौस ठरते, चार लाखांत तो संसाराचा हिशेब होऊ शकतो. मधले दोन लाख कशाने कमी होतील, हे पाहणे हा या चर्चेचा खरा हेतू असला पाहिजे.

यंत्राची बाजू

तांत्रिकदृष्ट्या आज हे शक्य का झाले, याचे श्रेय बॅटरीला आहे. शिशाच्या पारंपरिक बॅटरीत एका किलो वजनामागे तीस-चाळीस वॉट-तास एवढीच वीज साठते. तशी 20 युनिटची बॅटरी बसवायची तर पाच-सहाशे किलोंचा भार घ्यावा लागेल. पद्मिनीसारख्या नऊशे किलोंच्या आतल्या गाडीला तो पेलणारा नाही. लिथियम-लोह-फॉस्फेट जातीच्या बॅटरीत तेवढीच वीज दोनशे किलोंच्या आत मावते. किमतीही उतरल्या. 2010 च्या सुमारास दर युनिट क्षमतेला हजार डॉलरहून अधिक असलेली लिथियम बॅटरीची जागतिक सरासरी किंमत 2024 मध्ये 115 डॉलरपर्यंत खाली आली.

घाटाची भीतीही थोडी तपासून पाहावी. एके काळी खंबाटकी चढताना रेडिएटर उकळून थांबलेल्या गाड्या आणि त्यांत पाणी ओतणारे चालक हे या रस्त्यावरचे नेहमीचे दृश्य होते. विद्युत मोटारीला उकळणारे पाणी नाही आणि अगदी कमी वेगातही तिची ओढ पूर्ण असते. अकराशे किलोंची गाडी शंभर मीटर उंच चढवायला पदार्थविज्ञानाच्या नियमाने युनिटच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडी कमी ऊर्जा पुरते. प्रत्यक्षातील गळती धरूनही हा खर्च फार होत नाही. उतरताना मोटार उलट जनित्राचे काम करते आणि त्यातला काही भाग परत मिळतो. रात्री घरच्या 15 अँपिअरच्या प्लगवर पाच-सहा तासांत दुसऱ्या दिवसाची बेगमी होते, अर्थात वीज जागेवर असेल तर.

पण यंत्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुन्या गाडीचे ब्रेक, सुकाणू आणि पत्रा हे सर्व चाळीस अश्वशक्तीच्या इंजिनाच्या आणि त्या काळच्या रस्त्यांच्या मानाने घडवलेले होते. आजच्या सहापदरी महामार्गावर मालमोटारींच्या रांगेतून जाताना एअरबॅग नसलेली, ड्रम ब्रेकची गाडी ही बचतीची गोष्ट राहत नाही. बॅटरीचे वजन कोठे बसवले, त्याने मागच्या चाकांवर भार किती आला, अपघातात विद्युतपुरवठा आपोआप तुटतो की नाही, या प्रश्नांची उत्तरे गॅरेजच्या अंदाजावर सोडता येत नाहीत. म्हणूनच येथे कायद्याचा प्रवेश योग्य आहे.

कायद्याची दोन दारे

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. मान्यताप्राप्त किट बसवण्याची सोय मात्र नियमांनी ठेवली आहे. 2016 मध्ये केंद्राने गाड्या पूर्णतः विजेवर आणण्यासंबंधीचे नियम अधिसूचित केले आणि त्यांना जोडून एआयएस-123 हे मानक आले. किटची चाचणी मान्यताप्राप्त संस्थेकडून व्हावी लागते. अशी देशातील एक प्रमुख संस्था, 1966 मध्ये स्थापन झालेली एआरएआय, शिरवळपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर पुण्यातच आहे. परंतु ही वाट 1 जानेवारी 1990 वा त्यानंतर तयार झालेल्या गाड्यांसाठी आहे.

दुसरे दार पुरातन गाड्यांचे. जुलै 2021 मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. वीस हजार रुपये शुल्क, 'व्हीए' हे अक्षरचिन्ह, आणि अटी दोन. गाडी मूळ स्वरूपात असावी, म्हणजे सांगाडा, पत्रा वा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. आणि ती नित्याच्या वा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणू नये. याचा अर्थ स्पष्ट आहे. 1972 ची गाडी जपून ठेवायची तर तिला कामाला लावता येत नाही. कामाला लावण्यासाठी तिचा प्राण बदलावा, तर किटच्या नियमांत ती बसत नाही आणि पुरातन म्हणून असलेला मानही जातो. 1985 ची गाडी तर दोन्ही दारांच्या मधल्या ओसरीवरच राहते.

या भूमिकेमागे तर्क नाही असे नव्हे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचेही मत असेच आहे, की विजेवर आणलेली गाडी ऐतिहासिक वाहन राहत नाही. जर बदल केलाच तर मूळ सुटे भाग जपावेत आणि तो परत फिरवता येईल असा असावा, अशी शिफारस त्याने केली आहे. ऐतिहासिक वस्तूचे जतन आणि उपयुक्त वस्तूचा पुनर्वापर ही दोन वेगळी प्रयोजने आहेत, हे मान्य केले पाहिजे. वस्तुसंग्रहालयातील रहाट पुन्हा मोटेला जुंपायचा आग्रह कोणी धरत नाही. मात्र ज्या हजारो जुन्या गाड्या ना दुर्मीळ आहेत ना ऐतिहासिक, त्यांना या संरक्षणाच्या नियमाचा अडसर का व्हावा, हा प्रश्न उरतोच.

इतरांचे अनुभव

नेपाळचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. काठमांडूत 1993 च्या सुमारास काही डिझेल टेम्पो विजेवर आणण्याचा प्रयोग झाला आणि त्यातून पुढे 'सफा टेम्पो' ही सार्वजनिक वाहतूक उभी राहिली. शिशाच्या जड बॅटऱ्या असूनही ती चालली. मार्ग ठरलेला होता, अंतर थोडे होते, वाहने एकसारखी होती आणि बॅटरी बदलण्याची ठाणी सामाईक होती. 1999 मध्ये डिझेल टेम्पो खोऱ्यातून हद्दपार झाले, परंतु त्यांच्या मालकांना आयात मिनीबससाठी जकातीत सवलत मिळाली आणि विजेच्या टेम्पोंची वाढ खुंटली. सरकारने एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले की काय होते, याचा हा पाठ आहे.

पुण्यात 2010 मध्ये केपीआयटी कमिन्स आणि भारत फोर्ज यांनी 'रिव्होलो' नावाचे किट जाहीर केले होते. चालू गाडीत इंजिनाच्या जोडीला विद्युत मोटार बसवणारी ही कल्पना घराघरात पोहोचली नाही. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदी आली. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि 2021 मध्ये तेथील सरकारने जुन्या डिझेल गाड्या विजेवर आणून वापरण्यास मुभा देण्याची घोषणा केली. फ्रान्सने मार्च 2020 मध्ये पाच वर्षांहून जुन्या गाड्यांच्या विद्युतीकरणाला नियमबद्ध वाट करून दिली. या सर्व घटनांत एक धागा समान आहे. तंत्र उपलब्ध असणे पुरेसे नाही. किटच्या मान्यतेचा खर्च किती गाड्यांवर वाटला जातो, यावर सारे अवलंबून असते. तो दहा गाड्यांवर वाटला तर हौस महाग होते, दहा हजारांवर वाटला तर उपयोग स्वस्त होतो.

काय करता येईल

या दृष्टीने पाहता आपली नजर पद्मिनीवरून थोडी पुढे सरकवावी लागेल. डिसेंबर 1983 मध्ये पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडल्यापासून 2014 पर्यंत मारुती 800 चे उत्पादन झाले आणि देशात पंचवीस लाखांहून अधिक गाड्या खपल्या. मध्यमवर्गाच्या एका पिढीची ती पहिली गाडी. आता तीही जुन्या आठवणींत जमा होऊ लागली आहे. तिच्यातील मोठा भाग 1990 नंतरचा, म्हणजे नियमांत बसणारा आहे. बनावट एकच, वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास, आणि सुटे भाग गावोगावी मिळणारे. तिला मोठी बॅटरी पेलणार नाही हे खरे. परंतु शिरवळहून लोणंद वा भोरपर्यंतच्या ये-जा करण्याला छोटी बॅटरी पुरते, आणि तेथे महामार्गाचा वेगही नसतो. सीएनजीवर आलेल्या टॅक्सींचा धडा गिरवायचा तर तो अशा एकाच बनावटीच्या गाडीवर गिरवला पाहिजे.

सरकारने नव्या विद्युत गाड्यांना करात सवलती दिल्या आहेत. मान्यताप्राप्त किट बसवलेल्या जुन्या गाडीलाही पर्यावरण करातून आणि नोंदणी नूतनीकरणाच्या वाढीव शुल्कातून सूट द्यावी, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. 1 एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर नेण्यात आले, ते जुनी गाडी धूर ओकते या कारणाने. ज्या गाडीला धुराडेच उरले नाही तिलाही तोच दंड का? 1990 पूर्वीच्या, परंतु पुरातन म्हणून नोंद नसलेल्या गाड्यांसाठी कडक तपासणीच्या अटीवर वाट मोकळी करावी. बँकांनी किटसाठी नव्या गाडीसारखे कर्ज द्यावे आणि विमा कंपन्यांनी अशा गाडीच्या जोखमीचे नियम स्पष्ट करावेत.

यात रोजगाराचा भागही थोडाथोडका नाही. महामार्गालगतच्या गॅरेजांत कार्ब्युरेटर उघडून साफ करणारे, इंजिन बांधणारे जे कारागीर आहेत, त्यांची विद्या नव्या गाड्यांत निरुपयोगी होत चालली आहे. नवी विद्युत गाडी बिघडली की ती कंपनीच्याच कार्यशाळेत जाते. जुन्या गाडीच्या विद्युतीकरणात मात्र ब्रेक, सुकाणू, पत्रा, जोडणी ही सर्व कामे स्थानिक हातांची राहतात. आयटीआयमधून उच्च दाबाच्या विजेचे सुरक्षित काम शिकवले, तर तोच फिटर उद्याचा कारागीर होईल.

पर्यावरणाचा मुद्दा अखेरीस घेण्याचे कारण, त्यात अतिशयोक्ती फार होते. आपली बरीचशी वीज अजून कोळशावर होते आणि एका युनिटमागे सरासरी 700 ग्रॅमहून थोडा अधिक कर्बवायू हवेत जातो. त्या हिशेबाने शंभर किलोमीटरला पेट्रोलवर सुमारे 19 किलो आणि विजेवर सुमारे 11 किलो उत्सर्जन होते. घट चाळीस टक्क्यांची, शंभर टक्क्यांची नव्हे. कोयनेचे पाणी आणि वनकुसवड्याच्या पवनचक्क्या ज्या जिल्ह्यात आहेत, तेथे हा आकडा पुढे आणखी सुधारण्याची आशा बाळगता येते. गावातील धूर मात्र आजच थांबतो, आणि हा लाभ रस्त्याकडेला राहणाऱ्याला मिळतो.

तात्पर्य, जुनी गाडी विजेवर आणणे हे ना खूळ आहे ना रामबाण उपाय. दुर्मीळ गाडी जशी आहे तशी जपावी. रोज महामार्गावर शंभर किलोमीटर जाणाऱ्याने नवी सुरक्षित गाडी किंवा चांगली बस यांचा विचार आधी करावा, आणि ती बस वेळेवर व पुरेशी असणे हे सरकारचे कर्तव्य आहेच. या दोहोंच्या मध्ये लाखो साध्या, मजबूत, एकाच साच्यातल्या गाड्या उरतात. त्या भंगारात घालण्यापूर्वी त्यांचा हिशेब एकदा नीट मांडला जावा. वस्तू टाकून देण्याआधी ती दुरुस्त होते का हे पाहण्याची आपल्या घरांची जुनी सवय आहे. तिला स्वस्त किट, सोपा परवाना आणि शिकलेला कारागीर यांची जोड मिळाली, तर शिरवळच्या नोकरदाराला वर्षाकाठी काही हजार रुपये वाचतील आणि नाक्यावरच्या मिस्त्रीच्या हाताला काम राहील.